तीन बोटांचा घोडा आणि घोडनदीची वाळू

शिरूरला पंचक्रोशीतील जुनी माणसे अजूनही ‘घोडनदी’ म्हणतात. नदीच्या या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, गावाचा आणि घोड्याचा संबंध मात्र कागदोपत्री पक्का आहे. एकोणिसाव्या शतकात ‘पूना हॉर्स’ या घोडदळाची छावणी येथे होती. शिरूर तालुका ओलांडून भीमेच्या दक्षिणेस दौंडकडे गेले की भीमथडीचा मुलूख लागतो. इंग्रजी अमदानीत दौंड हे भीमथडी तालुक्यातच मोडत असे. या मुलखातील काटक तट्टांनी मराठी फौजांना साऱ्या हिंदुस्थानात नेले. महाराष्ट्राच्या राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे आणि २०२३-२४ मध्ये भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली. असा इतिहास पाठीशी असलेल्या प्रदेशाला घोडा हा घरचाच प्राणी वाटला तर नवल नाही.

भूशास्त्राची वही मात्र निराळे सांगते. तिच्या हिशेबात घोडा हा आशिया खंडातील पाहुणा आहे आणि तो येथे एकदा नव्हे, निदान दोनदा आला. पहिल्या खेपेस आला तेव्हा त्याच्या प्रत्येक पायाला तीन बोटे होती. ही हकीकत दगड झालेल्या दातांवरून आणि हाडांवरून कशी वाचली गेली, हे पाहिले म्हणजे घोड आणि भीमेच्या काठावरून दररोज ब्रासच्या मापाने काय वाहून नेले जात आहे, याचाही काही अंदाज येईल.

घोड्याच्या कुळाचे सर्वांत जुने ठळक अवशेष सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तो प्राणी कोल्ह्याएवढा, रानातील कोवळा पाला खाणारा. पुढच्या पायाला चार बोटे, मागच्या पायाला तीन. उत्तर अमेरिकेच्या खडकांत त्याच्यापासून निघालेला वंश इतक्या सलग रीतीने सापडतो, की एवढी भरगच्च वंशावळ फार थोड्या प्राण्यांची उपलब्ध असेल. (या कुळाच्याही मागे जायचे तर वाट पुन्हा आपल्या शेजारी येऊन थांबते. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सापडलेल्या व २००५ मध्ये ‘कॅम्बेथेरियम’ असे नाव दिलेल्या प्राण्याची ठेवण घोडा, गेंडा आणि टॅपिर या तिघांच्या समाईक पूर्वजाच्या फार जवळची आहे. भारत हे समुद्रात एकाकी वाहत आलेले बेट असताना या विषमखुरी प्राण्यांचे मूळ येथे रुजले असावे, असा एक गंभीर तर्क त्यावरून मांडला जातो.)

कालांतराने हवामान कोरडे होत गेले, रान विरळ झाले आणि गवताची मैदाने पसरली. गवत हे दिसायला मऊ, पण दातांना घातक खाद्य. त्याच्या पात्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगत चरताना मातीही तोंडात जाते. आखूड दाढांचा प्राणी अशा खाद्यावर फार दिवस टिकत नाही. दाढा झिजल्या की उपासमार ठरलेली. सुमारे दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीच्या अमेरिकी घोड्यांत दाढा उंच होत गेलेल्या दिसतात. त्याच सुमारास मधले बोट बळावून सगळा भार पेलू लागले आणि बाजूची दोन बोटे जमिनीपासून उचलली गेली. ती नाहीशी झाली नाहीत, केवळ गौण झाली. आजच्या घोड्याच्या नळीच्या हाडाला मागून चिकटलेल्या दोन बारीक काड्या असतात. त्या म्हणजे या दोन बोटांची शिल्लक. नाल ठोकणाऱ्याला त्या ठाऊक असतात, त्यांचा इतिहास ठाऊक नसतो इतकेच. क्वचित एखादे शिंगरू जादा बोट घेऊन जन्मते. ज्यूलियस सीझरच्या घोड्याचे खूर असे फाटलेले आणि बोटांसारखे होते, अशी नोंद रोमन चरित्रकार स्यूटोनियसने करून ठेवली आहे.

येथे पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेल्या एका चित्राबद्दल बोलणे भाग आहे. डावीकडे कोल्ह्याएवढा प्राणी, मग त्याहून मोठा, मग आणखी मोठा आणि उजवीकडे ऐटबाज घोडा. बोटे चार, तीन, एक. हे चित्र येल विद्यापीठातील प्राध्यापक मार्श यांच्या संग्रहातून निघाले. १८७६ मध्ये टी. एच. हक्सले यांनी तो संग्रह पाहिला आणि उत्क्रांतीचा इतका स्पष्ट पुरावा आपण पाहिला नव्हता अशा निष्कर्षास ते आले. पुरावा खरा होता, चित्र अपुरे होते. ते चित्र शिडीचे आहे आणि घोड्याचा वंश झुडपासारखा आहे. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात हे नि:संदिग्धपणे मांडले. एकाच काळी, एकाच मैदानात अनेक जातींचे घोडे चरत होते. काही गवत खाणारे, काही पाला खाणारे, काही एका बोटाचे, काही तीन बोटांचे. तीन बोटे म्हणजे अर्धवट राहिलेला घोडा, ही समजूत त्यामुळेच टिकत नाही. तीन बोटांच्या एका शाखेने जगाचा जेवढा भाग व्यापला तेवढा त्या काळी एका बोटाच्या घोड्यांनीही व्यापला नव्हता.

ही शाखा म्हणजे हिपॅरियन आणि त्याचे भाऊबंद. सुमारे एक कोटी दहा-पंधरा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी खाली गेलेली असताना हे घोडे अमेरिकेतून आजच्या बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या जागी असलेल्या भूसेतूवरून आशियात उतरले. पुढचा प्रवास भूशास्त्रीय मोजमापाने पाहता विलक्षण वेगाचा होता. मध्य युरोप, ग्रीस, आल्जीरिया, इथिओपिया, चीन अशा दूरदूरच्या ठिकाणी ते जवळजवळ एकदमच दिसू लागतात. इतके एकदम, की हिपॅरियनचा पहिला दात ज्या थरात सापडेल तो थर अमुक काळाचा, असे मानण्याचा प्रघातच पडला. पुढे नेमकी वर्षे काढता येऊ लागल्यावर या प्रघाताला मुरड घालावी लागली, कारण सर्वत्र ते एकाच घडीला पोचले नव्हते. पण ओळखीची खूण अजूनही तीच आहे. या घोड्यांच्या वरच्या दाढेवर कठीण कवचाच्या नागमोडी रेषांमध्ये एक छोटे बेट सुटे पडलेले असते. आजच्या घोड्याच्या दाढेत ते बेट बाकीच्या भागाला जोडलेले असते. म्हणजे सांगाडा नको, कवटी नको. नदीच्या गोट्यांत एक दाढ मिळाली तरी जाणकार सांगू शकतो, हा तीन बोटांचा की एका बोटाचा.

भारतीय उपखंडात हा घोडा शिवालिकच्या टेकड्यांत भरपूर सापडतो. आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावरील शिवालिक थरांत खडकांतील चुंबकीय दिशांच्या उलटापालटीवरून वर्षे काढण्याचे काम फार चिकाटीने झाले. त्या हिशेबाने हिपॅरियन तेथे सुमारे एक कोटी सात लाख वर्षांपूर्वी प्रथम दिसतो. पुढे ऐंशी ते सत्तर लाख वर्षांच्या दरम्यान तेथील रान हटत गेले आणि उष्ण प्रदेशातील गवत पसरले. याचा पुरावा जुन्या मातीतील चुनखडीच्या गोळ्यांत आणि याच घोड्यांच्या दातांतील कार्बनच्या प्रमाणात उतरलेला आहे. घोडा काय खात होता हे त्याचा दात आजही सांगतो. आणखी एक गोष्ट अलीकडच्या संशोधनाने पुढे आणली आहे. ‘सिवालहिप्पस’ ही शिवालिक भागात वाढलेली शाखा येथून आफ्रिकेत आणि चीनमध्येही गेली असावी. उपखंड हा केवळ मुक्कामाचा पडाव नव्हता, पुढच्या प्रवासाचे निघण्याचे ठिकाणही होता. टांझानियात लाएटोली येथे सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेवर माणसाच्या पूर्वजांची पावले उमटलेली आहेत, हे अनेकांना माहीत असते. त्याच राखेवर हिपॅरियनचीही पावले आहेत आणि त्यांवरून त्याची चाल कोणती होती, हेही अभ्यासकांनी काढले आहे.

दुसऱ्या खेपेचा पाहुणा म्हणजे एका बोटाचा, आजचा घोडा ज्या गणात मोडतो त्या गणातला. तोही अमेरिकेतूनच आला आणि सुमारे सव्वीस लाख वर्षांपूर्वी शिवालिकमध्ये दिसू लागला. तीन बोटांचे घोडे हळूहळू मागे हटले आणि अखेर आफ्रिकेत संपले. ज्या अमेरिकेने हे सारे जगाला दिले, तेथील घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून नेले तेव्हा तेथे पुन्हा दिसले. माणसाळलेल्या आजच्या घोड्याचे मूळ इ. स. पूर्व २२०० च्या सुमाराचे, व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशातले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले. भीमथडीचे तट्टू हे त्या लांबलचक वाटेवरचे अगदी अलीकडचे वळण.

शिवालिकमधील हे जीवाश्म प्रथम नीट गोळा केले ते ह्यू फॉकनर आणि प्रोबी कॉटली या जोडीने. फॉकनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि कॉटली कालव्यांचे अभियंता. पुढे गंगेचा मोठा कालवा त्यांनीच काढला. १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेने दोघांना वुलस्टन पदक दिले. शिवालिकच्या तीन बोटांच्या घोड्याला १८४९ मध्ये शास्त्रीय नाव दिले तेही त्यांनीच. हाडांचे पेटारेच्या पेटारे लंडनला गेले, हा त्या काळच्या राजवटीचा भाग झाला. परंतु पाटबंधाऱ्याचा अधिकारी खोदकामावर असताना दगडांत काय निघते इकडे लक्ष ठेवतो आणि सरकारी कामात त्याची अडचण होत नाही, ही गोष्ट दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी शक्य झाली होती, एवढे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता शिरूर-दौंडकडे परत यायला हरकत नाही. घोडच्या पात्रात तीन बोटांच्या घोड्याची दाढ सापडेल काय? याचे उत्तर नाही असेच द्यावे लागते, आणि कारण समजण्यासारखे आहे. दख्खनचा काळा कातळ सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यानंतरची कोट्यवधी वर्षे या पठारावर झीज चालली होती. हाड टिकायचे तर ते लवकर गाळाखाली गाडले जावे लागते. शिवालिकला हिमालयाने गाळाचे डोंगर पुरविले. येथे गाळ साठायला खोलगट जागाच नव्हती. ज्या काळात तीन बोटांचे घोडे जगभर हिंडत होते, त्या काळाची पाने या वहीतून फाटून गेली आहेत. कातळ आणि त्यावरची नदीकाठची माती यांच्यामध्ये एवढा मोठा काळ गहाळ आहे, आणि शिरूरच्या शाळकरी मुलाला तो सांधा नदीच्या दरडीत बोट लावून दाखविता येतो.

म्हणून जे काही उरले आहे ते कातळावरच्या पातळ गाळातच आहे. दरडीच्या तळाशी चुन्याने घट्ट बांधलेला गोट्यांचा थर, त्यावर वाळू, त्यावर पिवळसर गाळ आणि माथ्यावर काळी माती, अशी ही उतरंड. दख्खनच्या नद्यांच्या अशाच थरांनी आजवर पुष्कळ दिले आहे. गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वरच्या प्राचीन हत्तीचे वर्णन पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच नदीवर काळेगावला प्रचंड शिंगांच्या रानबैलाचे अवशेष अश्मयुगीन हत्यारांच्या सोबतीने मिळाले. नर्मदेच्या अशाच गाळात एका बोटाच्या रानघोड्याची स्वतंत्र जात सापडली आणि तिला नर्मदेचेच नाव मिळाले. घोडच्या खोऱ्याकडे डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच गेले. काजळे, बदाम आणि राजगुरू यांनी १९७६ मध्ये या खोऱ्याच्या प्राचीन हवामानाचा, गाळाचा आणि जीवाश्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरूर तालुक्यातील इनामगावला १९६८ ते १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननाने तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव, त्यांचे बांध आणि पाट उजेडात आणले. वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, घोडला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख की त्याहून कितीतरी जुनी, यावर विद्वानांत बरीच वर्षे वाद झडला. हातभर जाडीच्या मातीवरून एवढा वाद होऊ शकतो, यातच त्या मातीची किंमत दिसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत मात्र या मातीला किंमत नाही. वाळू हे गौण खनिज. तिचा हिशेब महसूल खाते ब्रासमध्ये करते, तिच्यावर स्वामित्वधन बसते, तिचा लिलाव होतो, चोरी झाली तर दंड होतो. २०२३ च्या धोरणात शासनाने ब्रासला सहाशे रुपये असा दरही ठरवून दिला होता. या सर्व व्यवहारात ब्रासभर वाळू आणि दुसरी ब्रासभर वाळू यांत काही फरक आहे, असे धरण्याची सोय नाही. जुन्या थरातील दगड झालेले हाड यंत्राच्या दात्यात सापडले तर ते खडीचा एक तुकडा म्हणून चाळणीवर अडते आणि बाजूला फेकले जाते. शिवाय पात्रातील वाळू खोलवर उपसली की काठाचा पाया सुटतो आणि दरड पुढच्या पुरात कोसळते. मग जो थर कोणी खणलाच नव्हता तोही जातो. हा खर्च ठेकेदाराच्या वहीत नाही, खरेदीदाराच्या पावतीत नाही आणि जिल्ह्याच्या जमेतही नाही. ज्या खर्चाचा भार कोणाच्याच खिशाला लागत नाही तो कोणी टाळण्याच्या भानगडीत पडत नाही, हा बाजाराचा स्वभावच आहे.

कायद्याचा आधारही डळमळीत आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा मुख्यतः माणसाच्या हातून घडलेल्या वस्तूंचा विचार करतो. भूवारसा स्थळांच्या जपणुकीसाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु अशा कायद्याचा ओढा स्वभावतः नावाजलेल्या स्थळांकडे असतो. घोडच्या दरडीचे नाव कोणत्याही यादीत येण्याचा संभव कमीच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. घरे बांधायची आहेत, शाळांच्या खोल्या बांधायच्या आहेत. दगडाच्या हाडांसाठी वाळू अडवून धरायची काय? तशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. पात्रातील पुराने आणून टाकलेली ताजी वाळू आणि दरडीच्या तळाचा जुना थर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा उपसा नियमात राहून चालू शकतो. दुसरी वस्तू अशी आहे की ती एकदा गेली की कोणत्याही किमतीला पुन्हा विकत मिळत नाही, आणि बांधकामाच्या दृष्टीने तिचा उपयोगही बेताचाच. म्हणजे जपण्याचा खर्च थोडा आणि गमावण्याचा तोटा कायमचा. एवढा सोपा हिशेब सरकारी दफ्तरात फार वेळा मांडता येत नाही. येथे येतो, तर तो मांडला जावा.

करावयाचे काम फारसे मोठेही नाही. घाटाचा लिलाव पुकारण्यापूर्वी भूशास्त्र जाणणाऱ्या माणसाने काठ चालून पाहावा आणि जुना थर उघडा असलेली जागा नकाशावर वगळावी. लिलावाच्या अटींत एक कलम असावे: हाड अथवा दात दिसल्यास त्या जागेचे काम थांबवून तहसील कचेरीला कळवावे. कळविणाऱ्याचा तोटा होणार असेल तर तो कळविणार नाही, हेही उघड आहे. तेव्हा तेवढ्या जागेच्या मोबदल्यात दुसरी जागा देण्याची तरतूद त्याच कलमात हवी. खाणींमुळे बाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी जमा होतो. त्यातून शिरूरला किंवा दौंडला एखाद्या महाविद्यालयात दोन कपाटांची खोली उभी करणे कठीण नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलेच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती यांवर आहे. ते शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हाती आज फक्त छापील चित्र असते. त्याला गावच्या नदीतील रानबैलाचा एक दात वर्गात दाखविता आला, तर पुढची बरीच बडबड वाचेल.

यात वेळेचे एक गणित मात्र चुकवून चालणार नाही. पावसाळ्यात वाळूच्या उपशाला बंदी असते. पूर ओसरला की दरडीचा नवा छेद स्वच्छ धुतलेला उघडा पडतो आणि हाडे शोधण्याचा सर्वांत चांगला काळ तोच असतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत यंत्रे पात्रात उतरण्याच्या तयारीत असतात. पाहणी व्हायची तर ती बंदी उठण्याच्या आत, सप्टेंबरच्या अखेरच्या दिवसांतच झाली पाहिजे.